डगआउटमधला छोटासा कमोड

२००४ साली कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, फुलर्टन या विद्यापीठाच्या बेसबॉल संघाने आपल्या डगआउटमध्ये, म्हणजे मैदानालगतच्या खेळाडूंच्या बाकांच्या जागेत, एक खेळण्यातला कमोड ठेवला होता. एखादा बॅटर भलत्याच चेंडूवर बॅट फिरवून बाद झाला, चरफडत परत आला, की त्याने जाऊन त्या कमोडचा फ्लश दाबायचा आणि मग बाकावर बसायचं. झालं गेलं गंगेला मिळालं, असं आपण तोंडाने म्हणतो. ही विशीतली मुलं तेच हाताने करत होती.

त्या मोसमात या संघाची सुरुवात वाईट झाली होती. पहिल्या ३१ सामन्यांपैकी १५ जिंकले, १६ हरले. पुढच्या ३८ सामन्यांत मात्र ३२ विजय मिळवून फुलर्टनने नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. कॉलेज बेसबॉलची अंतिम फेरी १९५० पासून तिथेच होते आणि तिथवर फक्त आठ संघ पोचतात.

कमोडची कल्पना केन रविझ्झा यांची. ते याच विद्यापीठात शिकवणारे क्रीडा-मानसशास्त्रज्ञ होते. फुलर्टनचे जुने कोच ऑगी गॅरिडो यांनी त्यांना संघासोबत काम करायला बोलावलं, तेव्हा बेसबॉलच्या मैदानावर मानसशास्त्रज्ञ दिसणं ही नवलाईची गोष्ट होती. गॅरिडोंनी फुलर्टनला १९७९, १९८४ आणि १९९५ अशी तीन विजेतेपदं मिळवून दिली, नंतर टेक्सस विद्यापीठाला २००२ आणि २००५ मध्ये आणखी दोन.

कोच जेव्हा ‘संघाची संस्कृती’ म्हणतात, तेव्हा डोळ्यांसमोर भिंतीवरची घोषवाक्यं आणि सामन्यापूर्वीची जोशपूर्ण भाषणं येतात. मला वाटतं, ती संस्कृती खरी दिसते ती चूक झाल्यानंतरच्या वीसेक सेकंदांत. आणि बेसबॉलइतक्या चुका पदरात टाकणारा खेळ क्वचितच असेल.

क्रिकेटमध्ये फलंदाज बाद झाला की बहुतेक वेळा त्याचा दिवस संपतो. बेसबॉलमध्ये बॅटर एका सामन्यात चार-पाच वेळा उभा राहतो आणि बहुतेक वेळा हात हलवत परततो. दहापैकी तीनदा हिट मारणारा, म्हणजे चेंडू टोलावून बाद न होता पहिल्या टप्प्यावर पोचणारा खेळाडू उत्तम समजला जातो, म्हणजे उत्तमातला उत्तमही दहातून सातदा फसतो. चेंडू टाकणारा पिचर १८.४४ मीटरवर उभा असतो. ताशी १४५ किलोमीटर वेगाचा चेंडू ०.४ सेकंदांच्या आसपास बॅटरपर्यंत पोचतो. बॅट फिरवायची की नाही, हा निर्णय त्याच्याही आत व्हावा लागतो. एवढ्या वेळात विचार होत नाही. सरावाने अंगात मुरलेलं तेवढंच बाहेर येतं.

इथे संशोधक रॉब ग्रे यांचा २००४ मधला प्रयोग आठवतो. त्यांनी कसलेल्या बॅटरना संगणकावर तयार केलेल्या आभासी चेंडूंवर बॅटिंग करायला लावली. मध्येच एक आवाज व्हायचा आणि त्या क्षणी आपली बॅट वर जात होती की खाली, हे त्यांनी सांगायचं. स्वतःच्या हालचालीकडे असं लक्ष वळवताच कसलेल्यांचा खेळ बिघडला. आवाज जाड होता की बारीक, एवढंच विचारलं तेव्हा तसं झालं नाही. नवशिक्यांचं मात्र उलट होतं. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर ‘आता डावा पाय, आता उजवा’ असं म्हणून बघा, पाय अडखळतोच.

चूक झाल्यावर खेळाडू नेमकं हेच करतो. ‘मघाशी कोपर खाली गेलं का? आता वर धरू का?’ लक्ष चेंडूवरून उडून स्वतःच्या हातांवर येतं आणि पुढचीही संधी वाया जाते. कमोडचा फ्लश हे लक्ष तिथून उचलून दुसरीकडे नेतो. रविझ्झा खेळाडूंना आणखी एक गोष्ट शिकवत: मैदानातली एक जागा निवडा, गडबडल्यासारखं वाटलं की तिच्याकडे बघा आणि दीर्घ श्वास सोडा. लाँग बीच स्टेटमध्ये त्यांच्याकडून शिकलेला इव्हान लाँगोरिया पुढे व्यावसायिक लीगमध्येही डावीकडच्या फाउल पोलकडे, म्हणजे मैदानाच्या कडेला हद्द दाखवणाऱ्या खांबाकडे, नजर टाकून श्वास घ्यायचा. यामागे साधं शरीरशास्त्र आहे. श्वास सोडताना व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढतो आणि हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, त्यामुळे लांबवलेला उच्छ्वास धडधड उतरवतो.

पण हे सगळं एकेकट्या खेळाडूचं झालं. मग संघाचा संबंध काय? हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण बेसबॉलमध्ये एकमेकांवाचून अडण्याचे प्रसंग फुटबॉल-बास्केटबॉलच्या मानाने कमी. २०१४ मध्ये रॉडरिक स्वाब आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये संघात ताऱ्यांची गर्दी एका मर्यादेपलीकडे वाढली तर कामगिरी उलट घसरते, कारण खेळाडूंचा ताळमेळ बिघडतो. बेसबॉलमध्ये हा परिणाम दिसला नाही. बॅटर उभा राहतो तो एकटाच.

एकटा असतो, पण बघणारे असतात. शाळेत असताना एका सामन्यात मी सोपा झेल सोडला होता. कप्तान काहीच बोलला नाही, नुसता बघत राहिला. पुढची दहा षटकं मी मनात एकच धावा करत होतो, की चेंडू माझ्याकडे येऊ नये. त्या नजरेने मला खेळातून बाहेर काढलं होतं.

चमूंच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या एमी एडमंडसन यांचं रुग्णालयांतलं संशोधन इथे उपयोगी पडतं. चांगल्या चमूंमध्ये औषध देण्यातल्या चुका कमी असतील, अशी त्यांची अटकळ होती. १९९६ च्या त्यांच्या निबंधात आकडे उलटे निघाले: चांगल्या चमूंत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. उलगडा असा, की तिथे चूक कबूल करायची भीती कमी होती, म्हणून ती नोंदली जायची. पुढे एका कारखान्यातल्या ५१ चमूंच्या अभ्यासात त्यांना दिसलं, की जिथे मोकळेपणाने बोलता येतं तिथे लोक शिकतात आणि त्यांचं कामही सुधारतं. डगआउटमधला कमोड सर्वांसमोर असतो. फ्लश दाबणारा ‘हो, चुकलो’ म्हणतो आणि बाकावरचे ‘बरं, पुढचा चेंडू’ म्हणतात. सामना चालू असताना याहून लांब चर्चेला वेळही नसतो.

कॉलेजच्या कोचपुढे यात एक अडचण असते, पैशाची. बरीच वर्षं वरच्या श्रेणीतल्या बेसबॉल संघाला फक्त ११.७ शिष्यवृत्त्या मिळायच्या आणि त्या तीसपस्तीस मुलांमध्ये वाटाव्या लागायच्या. एकाला अर्धी, दुसऱ्याला पाव, तिसऱ्याला काहीच नाही. अशा खोलीत प्रत्येकाला आपली किंमत ठाऊक असते. तिथे चुकीची मुभा फक्त लाडक्या खेळाडूला मिळाली, तर सगळा डाव फसतो.

आता एक सावधगिरीही सांगायला हवी. ब्रायन मलन आणि कॅरोलिन कॉपर यांनी १९९४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून तपासले. एकोप्याने कामगिरी सुधारते त्यापेक्षा चांगल्या कामगिरीने एकोपा वाढण्याचा परिणाम जास्त ठळक निघाला. जिंकणाऱ्यांचं आपापसात जमतंच! शिवाय गुणी संघाची सुरुवात खराब झाली, तर पुढे तो सावरण्याची शक्यता तशीही मोठी असते. त्यामुळे कमोडने फुलर्टनला विजेतेपद मिळवून दिलं, असं मी म्हणणार नाही. पडझडीच्या काळात मुलांना एकमेकांकडे त्या नजरेने बघावं लागलं नाही, एवढं मात्र त्याने नक्की साधलं असावं.

ओमाहातल्या विजेतेपदाच्या लढतीत (तीनपैकी दोन सामने जिंकायचे) समोर टेक्सस होतं आणि टेक्ससच्या डगआउटमध्ये खुद्द गॅरिडो. फुलर्टनचे कोच जॉर्ज हॉर्टन हे कधीकाळी गॅरिडोंच्याच हाताखाली खेळलेले, नंतर त्यांचेच सहायक झालेले. पहिला सामना फुलर्टनने ६-४ असा घेतला. दुसऱ्यात, सातव्या इनिंगमध्ये, कर्ट सुझुकी बॅटिंगला आला. हवाईतला हा कॅचर (बेसबॉलमधला यष्टिरक्षकच म्हणा) शिष्यवृत्तीशिवाय संघात दाखल झाला होता आणि ओमाहात त्याची बॅट फारशी चालली नव्हती. त्याने हिट मारली, धाव आली, आणि गॅरिडोंच्या जुन्या संघाने त्यांच्या नव्या संघाला ३-२ असं हरवलं.