समोरच्याला पटवून द्यायची आपली जुनी पद्धत : दृष्टांताची पार्श्वभूमी

सोसायटीच्या मीटिंगमधे पार्किंगचा मुद्दा असो, मुलीला शिकायला बाहेरगावी पाठवायचं का हा घरातला प्रश्न असो, नाहीतर म्हाताऱ्या वडिलांना डॉक्टरकडे चला म्हणून विनवणं असो, आपण बहुतेक वेळा आकडे सांगतो, लिंक पाठवतो, मग आवाज चढतो आणि समोरचा जिथं होता तिथंच राहतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण पटवायचं कसं याचा विचार आपल्याकडे फार पूर्वीपासून आणि फार बारकाईनं झालाय.

सुरुवात करायची तर गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांपासून, म्हणजे साधारण इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतला ग्रंथ. इथं न्याय म्हणजे कोर्टातला नाही, तर्काचं शास्त्र. त्यात म्हणणं मांडायच्या पाच पायऱ्या दिल्यात : प्रतिज्ञा (आपलं म्हणणं), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (ते समोरच्या गोष्टीला लावणं), निगमन (निष्कर्ष). पुढच्या न्यायग्रंथांत याचा ठरलेला नमुना म्हणजे डोंगर. डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतोय, जिथं धूर तिथं आग, जसं स्वयंपाकघरात, या डोंगरावरही तसाच धूर आहे, म्हणून तिथं आग आहे. यातलं स्वयंपाकघर अजिबात सोडायचं नाही! ते भरतीला घातलेलं नाहीये, तोच इथला दृष्टांत आहे. दृष्टांत कशाला म्हणायचं याची व्याख्याच अशी आहे की ज्या गोष्टीबद्दल साध्या माणसाचं आणि जाणकाराचं एकमत असतं तो दृष्टांत. म्हणजे तुमचा पॉइंट कितीही बरोबर असला तरी दोघांनाही आधीपासून मान्य असलेली एखादी गोष्ट सापडेपर्यंत तो पूर्णच होत नाही. नैयायिकांनी, म्हणजे या न्यायशास्त्राच्या पंडितांनी, नंतर आणखी एक फरक केला, स्वतःपुरतं अनुमान आणि दुसऱ्यासाठीचं अनुमान. स्वतःची खात्री पटायला पाच पायऱ्या बोलून दाखवाव्या लागत नाहीत, धूर बघितला की झालं, त्या लागतात दुसऱ्यासाठी. इतका साधा मुद्दा आहे पण आपण रोज नेमका इथंच चुकतो, स्वतःला पटलं तेवढ्यात थांबतो.

न्यायसूत्रांतच वाद, जल्प आणि वितंडा वेगळे केलेत. खरं काय ते कळावं म्हणून बोलणं तो वाद, काहीही करून जिंकायचंच म्हणून बोलणं तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता फक्त दुसऱ्याचं खोडत बसणं ती वितंडा. शब्दात पकडणाऱ्यांचाही समाचार घेतलाय. संस्कृतात नव म्हणजे नवंही आणि नऊही. कुणी म्हणालं याच्याकडे नव कांबळं आहे, म्हणजे नवं, तर ऐकणारा म्हणतो नऊ कुठायत, एकच तर दिसतंय, याला छल म्हणतात. तो प्रकार आजही कमी झालेला नाही.

चरकसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात तर हे वैद्यांना शिकवलंय. त्यातल्या विमानस्थान नावाच्या भागाच्या 8 व्या अध्यायात वैद्यांनी एकमेकांशी चर्चा करायचे दोन प्रकार सांगितलेत, एक जुळवून घेत केलेली आणि एक भांडून केलेली. समोर बसलेले लोक आधीच आपल्या विरोधात मन बनवून आले असतील तर, ते जाणकार असोत नाहीतर अडाणी, तिथं कुणाशीच वादात पडू नका असा स्पष्ट सल्ला आहे. मला तो फार मोलाचा वाटतो, फॅमिली ग्रुपवर उत्तर टाइप करण्याआधी तर नक्कीच.

पण हे सगळं संस्कृतात, पाठशाळेत. ते सामान्य माणसाच्या बोलण्यात आणलं ते आपल्या संतांनी आणि मला वाटतं खरी मोठी उडी हीच आहे. 13 व्या शतकात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी महाराष्ट्रात फिरत लोकांशी मराठीत बोलत होते आणि बोलताना एकामागून एक दृष्टांत देत होते, ते नंतर त्याच पंथातल्या केशिराजांनी दृष्टांतपाठ या ग्रंथात एकत्र केले. त्यातला हत्तीचा प्रसिद्धच आहे, आंधळ्यांपैकी ज्यानं पाय चाचपला त्याला हत्ती खांबासारखा वाटतो, ज्यानं कान धरला त्याला सुपासारखा. खांब आणि सूप काय ते ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत, स्वयंपाकघर आणि धूर यांचंच पुढचं रूप हे. 1290 च्या ज्ञानेश्वरीत तर असे दृष्टांत इतके आहेत की गीतेतला एकेक अवघड श्लोक त्यांच्या आधारानंच उलगडत जातो.

19 व्या शतकात जोतीराव फुल्यांनी यात एक वेगळी गोष्ट केली. 1873 च्या 'गुलामगिरी' या पुस्तकात ते नुसतं सांगत सुटत नाहीत, जोतीराव आणि धोंडीबा यांचा संवाद लिहितात, आणि वाचणाऱ्याच्या मनात येतील त्या शंका धोंडीबा विचारतो. 'शेतकऱ्याचा असूड' हे पुस्तक लिहिताना तर त्यांनी ते जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवलं. ज्यांना पटवायचंय त्यांच्या कानावर आधी घालून बघायचं, ही मेहनत फार थोडे लोक घेतात.

आणि मग गाडगेबाबा. 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्म, शाळेशी संबंध नाही, पण न्यायसूत्रातली दृष्टांताची व्याख्या जगलेला यांच्याएवढा माणूस मला दुसरा दिसत नाही. त्यांच्या कीर्तनात विधानं कमी आणि प्रश्न जास्त. देव किती, असं विचारायचे, लोक म्हणायचे एक. मग तुमच्या गावात खंडोबा आहे का, आहे, भैरोबा, आहे, मरीआई, आहे, मग आता मोजा किती झाले. लोक हसायचे, आणि आपल्या बोलण्यातली विसंगती त्यांना स्वतःच सापडायची. नवस, कर्ज काढून केलेले सण, दारू, मुलांना शाळेत न घालणं, सगळ्यावर ते असंच बोलायचे. लोकांना राग का येत नसे? मला वाटतं उत्तर त्यांच्याच तोंडून आलेलं असायचं म्हणून, आणि सांगणारा माणूस आधी हातात खराटा घेऊन त्यांचं गाव झाडून मग कीर्तनाला उभा राहायचा म्हणूनही.

8 नोव्हेंबर 1956 ला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस स्टेशनात झालेलं त्यांचं शेवटचं कीर्तन रेकॉर्ड केलेलं आहे, पुढच्याच महिन्यात 20 डिसेंबरला ते गेले. कुणाला काही पटवायचं असेल त्यानं ते जरूर ऐकावं, आणि ऐकताना बाबा किती वेळा सांगतात आणि किती वेळा विचारतात एवढंच मोजत जावं.