मेलॅनोमातील जनुकीय चिन्हके

मेलॅनोमा हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. गाठीच्या जनुकांतील ज्या बदलांवरून रुग्ण किती काळ तगेल किंवा कोणते औषध लागू पडेल याचा अंदाज बांधतात, त्यांना जनुकीय चिन्हके किंवा दवाखान्याच्या भाषेत ‘मार्कर’ म्हणतात.

गोऱ्या लोकांत हा रोग बहुधा उन्हाने भाजलेल्या कातडीवर उठतो. भारतात तो मुळात कमी; झालाच तर बऱ्याचदा तळपायाला किंवा नखाखाली. नाशिककडे द्राक्षबागेत अनवाणी वावरणारा किंवा निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला चालत जाणारा माणूस असा काळा डाग म्हणजे पायाला झालेले कुरूप समजतो, नखाखालचा पट्टा ठेच लागून साकळलेले रक्त समजतो. (अनवाणी चालण्याने रोग होतो असे सिद्ध झालेले नाही, डाग नजरेआड राहतो एवढे खरे.)

सर्वात गाजलेले चिन्हक ‘बीआरएएफ’ जनुकातले. 2002 मध्ये ते उघडकीस आले. या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनातील 600व्या जागी व्हॅलीन या अमिनो आम्लाऐवजी ग्लुटामिक आम्ल येते आणि पेशीला ‘वाढ’ म्हणणारा संदेश थांबतच नाही. त्वचेच्या सुमारे निम्म्या मेलॅनोमांत बीआरएएफ बिघडलेले असते. तळपायाच्या मेलॅनोमात मात्र पुष्कळ कमी, तिथे ‘किट’ जनुकातले बदल तुलनेने जास्त. इथे एक गल्लत नेहमी होते. बीआरएएफ मुख्यतः औषध कोणते लागू पडेल ते सांगते, आयुष्य किती ते नव्हे. त्यावरचे व्हेम्युराफेनिब हे औषध 2011 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. पुढे डाब्राफेनिब-ट्रॅमेटिनिब या औषधांच्या जोडीच्या चाचण्यांत पसरलेल्या रोगाचे 34 टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते.

आयुष्याचे ठसठशीत भाकीत करणारी चिन्हके डोळ्याच्या मेलॅनोमात सापडतात: तिसऱ्या गुणसूत्राची एक प्रत हरवली किंवा ‘बीएपी1’ जनुक निकामी झाले, की रोग यकृतात जाण्याचा धोका फार वाढतो. त्वचेसाठी 31 जनुकांची चाचणी निघाली आहे, पण तिचा आधार प्रामुख्याने गोऱ्या रुग्णांची माहिती. तळपायाच्या गाठीला ती जशीच्या तशी लावणे घाईचे ठरेल.

म्हणून 1970 मध्ये अमेरिकी रोगनिदानतज्ज्ञ ब्रेस्लो यांनी सुचवलेली गाठीची मिलिमीटरमधली जाडी आजही पहिली पाहतात. सोबत गाठीवरची त्वचा फुटून जखम झाली आहे का आणि रोग लसिकाग्रंथींत पोचला आहे का, हेही. जाडी आणि जनुके दोन्ही गाठीच्या एकाच तुकड्यावर तपासतात. तो फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवण्याच्या द्रावणात) दिवसेंदिवस पडून राहिला तर डीएनए तुटतो. आणि कुरूप म्हणून डाग आधीच ब्लेडने तासला असेल, तर नेमकी जाडी मोजता येत नाही.