क्रोशाचा हात, दोन सुयांचं काम

रत्नागिरी-मालवणकडे दाराला क्रोशाचं तोरण आणि टेबलावर क्रोशाचा रुमाल सहज दिसतो. दोन सुयांचं विणकाम त्यामानाने कमीच. थंडीच जेमतेम, तर स्वेटर घालणार कधी? पण बाळंतविड्यातलं टोपडं किंवा मोजे करायचे झाले की क्रोशा तोकडा पडतो. क्रोशाच्या खांबांना, म्हणजे उभ्या टाक्यांना, ताण सोसत नाही, विणलेलं कापड ताणलं तरी परत जागेवर येतं.

दोन्हीतला फरक ओळखायला घरातलं बनियन भिंगाखाली धरा. पुढून इंग्रजी 'व्ही'च्या उभ्या रांगा दिसतील, मागून आडवे उंचवटे. हेच विणकाम, फक्त यंत्रावरचं. क्रोशात असे 'व्ही' फक्त ओळीच्या माथ्यावर, साखळीसारखे आडवे पडतात. खाली खांब उभे असतात.

खरा फरक मात्र टाक्याच्या आयुष्यात आहे. क्रोशात मुका (आखूड) खांब असो की साधा (उंच), तो तिथल्या तिथे पुरा होतो आणि सुईवर एकच फास उरतो. विणकामात ओळीतले सगळे टाके सुईवर उघडे राहतात, बंद होतात ते शेवटच्या ओळीला. म्हणून एक टाका निसटला की तो खालच्या ओळींत शिडीसारखा उतरत जातो. इथे क्रोशावालीचं पारडं जड: सुलट, म्हणजे 'व्ही' दिसणारी बाजू समोर ठेवा, निसटलेल्या फासात क्रोशाची सुई पुढून घाला, मागची शिडीची पायरी (सुटलेला आडवा दोरा) पकडून फासातून ओढा. सगळ्या पायऱ्या चढल्या की टाका डाव्या सुईवर परत.

दोन सुयांवर शिकायला सुरुवातीला 4 मिमीच्या सुया, मध्यम जाडीची लोकर आणि 30 टाके पुरेत. तोरणाचा सुती दोरा नको. तो ताणत नाही, त्यामुळे हाताची प्रत्येक चूक कापडात राहते. दमट हवेत घामेजलेल्या हातांना बांबूच्या सुईवर लोकर अडकल्यासारखी वाटते, तेव्हा धातूची घ्या. पण काम झालं की पुसून ठेवा; खाऱ्या हवेत गंजलेल्या सुईचा डाग पांढऱ्या लोकरीवरून जात नाही.

दोरा डाव्या हातात धरायची सवय मोडू नका, त्याच पद्धतीने विणता येतं. मोडायची आहे ती दोरा खालून खेचायची सवय. उलट टाक्यात (ज्याचा उंचवटा आपल्या बाजूला येतो) दोरा सुईच्या वरून मागे जायला हवा. क्रोशावाल्या हाताला तो खालून ओढणं सोपं वाटतं, आणि मग टाका सुईवर आडमुठा बसतो: त्याची उजवी बाजू पुढे असायची ती मागे जाते. पुढच्या ओळीत नेहमीसारखा पुढून विणला की पिळला जातो, 'व्ही'चे पाय खाली एकमेकांवर चढतात आणि कापड घट्ट होतं. उजवी बाजू मागे दिसली तर त्या टाक्यात सुई मागून घाला, पीळ सुटतो.

दुसरी खोड म्हणजे ओळ पालटताना साखळी घालणं. इथे ती लागतच नाही. टाके वाढत असतील तर बहुधा सुलट टाका विणताना दोरा पुढेच राहिलेला असतो. तो सुईवर चढून नवा टाका होतो, खाली भोक पडतं. टाके घट्ट बसून सरकत नसतील तर ते सुईच्या निमुळत्या टोकावर विणले जात आहेत. जाड भागापर्यंत सुई आत न्या.

एक ओळ सुलट, एक उलट असं विणलं की कडा गुंडाळतात. चूक नाही, त्या कापडाचा स्वभावच तो; दोन्ही कडांना 4-4 टाके सगळ्या ओळींत सुलट ठेवले की आळा बसतो. टोपड्याच्या काठाला 2 सुलट, 2 उलट. टाके बंद करताना एक नंबर मोठी सुई घ्या, नाहीतर टोपडं डोक्यातून जायचं नाही.

विणलेल्या तुकड्याला क्रोशाची झालर लावायची असेल तर बाजूच्या कडेला दर 4 ओळींमागे 3 मुके खांब घ्या. प्रत्येक ओळीत एक घेतला तर कड लहरते, दोनाआड एक घेतला तर आवळते.