डाळिंबाच्या साली आणि पोटातली रिले रेस

परवा पुन्हा तो फॉरवर्ड आला, डाळिंबाच्या सालीची पावडर घ्या, शुगर, बीपी, सांधेदुखी सगळं गायब! वैताग येतो, पण गंमत अशी की सालीत माल खरंच आहे.

रस काढणाऱ्या युनिटच्या मागे सालींचा हा ढीग पडलेला असतो, फळाचं जवळपास निम्मं वजन सालीचंच की. तुकडा चावून बघा, तोंड आवळून येतं. हे टॅनिन, म्हणजे सालीतलं तुरट द्रव्य, लाळेतल्या प्रोटीनला जाऊन चिकटतं. लोखंडी विळीचं पातं काळं पडतं तेही यानेच, म्हणून तर पूर्वी कापड रंगवायला आणि कातडी कमवायला साली वापरायचे.

यातलं मुख्य टॅनिन म्हणजे प्युनिकॅलाजिन. रेणुभार (एका रेणूचं वजन) १०८४, एवढं धूड रक्तात जाणार कसं? तर ते आधी आतड्यात फुटतं आणि त्यातून इलॅजिक ॲसिड सुटतं, अणूंच्या चार कड्यांचं, चपटं, पाण्यात धड न विरघळणारं. आता खरी मजा. मोठ्या आतड्यातले गॉर्डोनिबॅक्टरसारखे जिवाणू त्यातलं लॅक्टोन नावाचं एक कडं उघडतात, कार्बन डायऑक्साइड काढून टाकतात, उरतात पाच ओएच गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या), मग एकेक ओएच उडवत चार, तीन, आणि तिथून बॅटन दुसऱ्या जिवाणूंच्या हातात, दोन उरले की झालं युरोलिथिन ए! हे मात्र रक्तात शिरतं आणि पेशीतले बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीची ऊर्जाघरं, भंगारात काढायला मदत करतं. २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी ते मिलिमीटरभर लांबीच्या सूत्रकृमींना दिलं, त्यांचं आयुष्य ४५ टक्क्यांनी वाढलं. कृमींचं हं, तुमचं-आमचं नाही. शिवाय काही लोकांच्या पोटात ही जिवाणूंची टीमच नसते, त्यांनी पोतंभर साली खाल्ल्या तरी युरोलिथिन शून्य.

कारखान्यात सालीवर प्रक्रिया करायचं काम तसं सोपं, साली वाळवायच्या, दळायच्या, पाण्यात नाहीतर अल्कोहोलमध्ये अर्क काढायचा. अडतं ते वाळवण्यात, ओल्या ढिगाला लगेच बुरशी धरते आणि ड्रायरचं बिल परवडायला हवं. आणि घरी पावडर करणाऱ्यांनो, डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी बागेत जे काही फवारतात ते आधी सालीवरच बसतं, तेही त्या फॉरवर्डमध्ये लिहा की.