‘डॉक्टर मेडिक्लेम घेतात का?’ : इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीच्या उपचारांसाठी कॅशलेस अर्ज

पायातल्या व्हेरिकोज व्हेन्सचं (फुगलेल्या शिरांचं) लेझर, फायब्रॉइडचा (गर्भाशयातल्या साध्या गाठीचा) रक्तपुरवठा बंद करणं, यकृताच्या गाठीत थेट औषध सोडणं ही कामं इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट पडद्यावर बघत, सुई किंवा बारीक नळीने करतात. टाके नाहीत, बहुतेकदा पूर्ण भूलही नाही. पेशंटला हे सोयीचं, पण विम्याची गाडी नेमकी इथंच अडते.

आधी शीर्षकातला प्रश्न. विमा कंपनीचा कॅशलेस करार (बिल कंपनीने थेट भरायचा) हॉस्पिटलशी असतो, डॉक्टरांशी नाही. हे डॉक्टर बऱ्याचदा तीन-चार हॉस्पिटलांत जातात. सोमवारी जिथे तपासलं तिथे कॅशलेस असेल, शुक्रवारी जिथे प्रोसिजर करायची तिथे नसेल. म्हणून प्रोसिजर होणार त्या हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर (विम्याचं काम बघणाऱ्या खिडकीवर) पॉलिसी दाखवून विचारा. करार नसला तरी जानेवारी 2024 पासून ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ची वाट आहे. ठरवून केलेल्या उपचारासाठी कंपनीला 48 तास आधी कळवायचं आणि हॉस्पिटलनेही तयार व्हायला हवं. हा दुसरा भाग जाहिरातीत दिसत नाही.

आता पात्रता. 24 तास भरती नसली तरी ‘डे-केअर’ म्हणून क्लेम बसतो, मात्र एरवी ओपीडीत होणारा उपचार डे-केअर ठरत नाही. व्हेरिकोजचं लेझर ‘कॉस्मेटिक’ म्हणून परत आलेलं मी कितीदा पाहिलंय! त्यावर उतारा म्हणजे कलर डॉप्लरचा, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीचा रिपोर्ट. ‘व्हेरिकोज व्हेन्स आहेत’ एवढंच लिहिलेलं चालत नाही. कोणत्या शिरेत रक्त उलटं फिरतंय ते हवं, आणि सूज, काळपटपणा, जखम यांची नोंद डॉक्टरांच्या चिठ्ठीत हवी.

प्रतीक्षा काळही तपासा. आरोग्य संजीवनी या सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच अटींच्या पॉलिसीत व्हेरिकोज व्हेन्स आणि साध्या (कॅन्सर नसलेल्या) गाठींना पॉलिसी घेतल्यापासून 24 महिने थांबावं लागतं, म्हणजे फायब्रॉइडही त्यातच आला. शिवाय गर्भाशयाच्या धमनीचं एम्बोलायझेशन, म्हणजे फायब्रॉइडचा रक्तपुरवठा बंद करणं, ‘आधुनिक उपचारां’च्या यादीत आहे. आरोग्य संजीवनीत त्याला विमा रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंतच पैसे मिळतात. पाच लाखांची पॉलिसी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, इतर पॉलिसींतही अशी मर्यादा असू शकते.

आधार, पॅन, पॉलिसी, फॉर्म हे सगळे आणतात. कुणाकडेच नसतो तो पहिल्या तपासणीचा कागद. दोन वर्षांपूर्वी गावातल्या डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी केव्हाच चुलीत गेलेली असते. मग केसपेपर लिहिणारा विचारतो, ‘किती दिवसांपासून?’ आणि काकू सहज म्हणतात, ‘अगं, लग्न झाल्यापासूनच पाय दुखतात.’ झालं, ‘जुना आजार’ म्हणून क्लेम अडकला. खोटं सांगू नका, पण मोघमही बोलू नका. नियमाने जुना आजार म्हणजे पॉलिसी घेण्याआधीच्या 36 महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला किंवा ज्यावर सल्ला-उपचार झालेला. पाय दुखत होते म्हणजे निदान झालं होतं असं नाही. केसपेपरवर काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचा.

कॉइल (रक्तवाहिनी बंद करणारी बारीक तार) किंवा स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळी) घातला असेल तर त्याचा स्टिकर आणि वेगळं बिल मागून घ्या. डिस्चार्ज झाल्यावर तो स्टिकर शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई.

आधी खिशातून भरून नंतर पैसे मागणारे ‘60 दिवस’ हमखास चुकीचं वाचतात. आरोग्य संजीवनीत ते डिस्चार्जनंतरच्या औषध-तपासण्यांच्या खर्चासाठी आहेत. मुख्य क्लेमचे कागद डिस्चार्जपासून 30 दिवसांत द्यायचे, नंतरच्या खर्चाचे तो उपचार संपल्यावर 15 दिवसांत.

विमा नियामक आयआरडीएआयच्या 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या अर्जावर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय व्हायला हवा. प्रत्यक्षात कंपनीची ‘क्वेरी’ (जादा माहितीची मागणी) येते आणि संध्याकाळ होते. तिचं उत्तर डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानिशी त्याच दिवशी पाठवायला लावा.

नकार मिळाला तर तो लेखी घ्या, फोनवरचा पुरत नाही. आधी कंपनीकडे तक्रार करा. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येतं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकीलही लागत नाही.