अपडेट टाकलं म्हणजे लागलं, असं नव्हे

‘सर्व्हर अपडेट केलास?’
‘हो, कालच. लिनक्सची सगळी पॅकेजेस लेटेस्ट आहेत.’
‘आणि रीबूट?’
‘छे, तो कशाला? साइट बंद पडेल ना.’

माणसं बदलतात, सर्व्हर बदलतात, पण हा संवाद शब्दशः तसाच राहतो. अपडेट टाकणं आणि अपडेट लागू होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगून सांगून माझा घसा बसलाय. म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवतो. पुढच्या वेळी लिंक पाठवायला बरं.

टाकणं तुम्हाला येतंच. डेबियन-उबुंटू लिनक्सवर पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअरची पॅकेजेस टाकणारा प्रोग्रॅम, असतो ॲप्ट: ॲप्ट अपडेट, मग ॲप्ट अपग्रेड. रेड हॅटच्या घराण्यात असाल तर डीएनएफ. ॲप्टच्या पहिल्या कमांडने फक्त यादी ताजी होते, पॅकेजेस दुसरीने बदलतात. (ही नावं ठेवणाऱ्याला कोपरापासून नमस्कार.) व्हर्जनच्या आकड्यावर फार जाऊ नका, एवढंच जाता जाता सांगतो. डेबियन आणि रेड हॅट जुन्याच व्हर्जनमध्ये सिक्युरिटी फिक्स आणून बसवतात, त्यामुळे आकडा जुना दिसला तरी भोक बुजलेलं असू शकतं. सुरक्षा तपासणाऱ्या स्कॅनरने लाल रंग दाखवला की घाबरून सोर्सवरून कंपाइल करत बसणारे लोक पाहिले की मला अजूनही चक्कर येते. पॅकेजचा चेंजलॉग वाचा, त्यात सीव्हीई नंबर, म्हणजे त्या भोकाचा जाहीर नोंदणी क्रमांक, सापडतो. विषय संपला.

आता खरी गोम. पॅकेज मॅनेजर अपडेट टाकतो तो डिस्कवर. तुमची साइट चालते ती मेमरीतून. तुमचा वेब सर्व्हर, समजा एन्जिनएक्स, तीन महिन्यांपूर्वी सुरू झाला असेल, तर एन्क्रिप्शन सांभाळणारी ओपनएसएसएलची लायब्ररी त्याने तेव्हाच उचलली. आज तुम्ही नवी लायब्ररी टाकलीत, तर लिनक्स जुन्या फाइलवर लिहीत नाही. नवी फाइल शेजारी तयार होते आणि जुनं नाव तिला दिलं जातं. जुन्या फाइलचं नाव गेलं, पण जी प्रोसेस (म्हणजे चालू प्रोग्रॅम) ती धरून बसली आहे ती सोडेपर्यंत मजकूर जिवंतच राहतो. दारावरची पाटी बदलली, आत भाडेकरू तोच.

फसगत कुठे होते ते बघा. अपडेट झाल्यावर माणूस खात्री करायला म्हणून टर्मिनलवर ओपनएसएसएलचं व्हर्जन विचारतो. उत्तर नवं येतं. गडी खूश. पण ती कमांड आत्ता, या क्षणी सुरू झाली, म्हणून तिने नवी लायब्ररी उचलली. तुम्ही विचारलं एकाला आणि काम करतोय दुसराच. खरं उत्तर हवं असेल तर चालू प्रोसेसलाच विचारा. प्रॉक डिरेक्टरीत त्या प्रोसेसच्या नंबरखाली मॅप्स नावाची फाइल असते. ती उघडा आणि लिबएसएसएलची, म्हणजे ओपनएसएसएलच्या लायब्ररीची, ओळ शोधा. ओळीच्या शेवटी कंसात ‘डिलीटेड’ दिसलं, तर तुमचा वेब सर्व्हर अजून त्या नाव नसलेल्या जुन्या फाइलवरच चालतोय. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा कुणी समजवावं लागत नाही.

हा प्रकार कागदावरचा नाही. ७ एप्रिल २०१४ रोजी हार्टब्लीड जाहीर झालं. ओपनएसएसएल १.०.१ ते १.०.१एफ या व्हर्जनमधल्या त्या चुकीमुळे बाहेरचा कुणीही सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर एका वेळी ६४ केबीपर्यंत ओढून घेऊ शकत होता. पासवर्ड, कुकी, नशीब फुटकं असेल तर एन्क्रिप्शनची खासगी किल्ली (प्रायव्हेट की) सुद्धा. ज्याने पॅकेज तातडीने बदललं पण वेब सर्व्हर रीस्टार्ट केला नाही, त्याची गळती तशीच चालू राहिली, आणि वर मनाला समाधान की आपण वेळेत पॅच केलं. पॅच न करणाऱ्यापेक्षा ही अवस्था वाईट, कारण आता तो परत तपासणारच नाही.

यातही एक पोटखड्डा आहे आणि त्यात अनुभवी लोक पडतात: रीलोड आणि रीस्टार्ट. ‘मी एन्जिनएक्स रीलोड केला, एक रिक्वेस्टही तुटली नाही’ असं कौतुकाने सांगतात. कॉन्फिग बदलला असेल तर बरोबरच आहे. लायब्ररी बदलली असेल तर उपयोग शून्य. रीलोडमध्ये मुख्य (मास्टर) प्रोसेस तीच राहते, फक्त रिक्वेस्ट हाताळणारे नवे वर्कर जन्माला येतात, आणि ते जन्मतात त्याच जुन्या मास्टरच्या पोटी, जुनी लायब्ररी अंगावर घेऊन. नीट रीस्टार्ट करा. एकही कनेक्शन तुटू द्यायचं नसेल, तर यूएसआर२ सिग्नल देऊन नवा मास्टर उभा करण्याची रीत एन्जिनएक्सच्या डॉक्युमेंटेशनमध्येच दिली आहे. बहुतेक साइट्सना तेवढी गरज नसते. रीस्टार्ट एक-दोन सेकंदांचा असतो.

डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या लायब्रऱ्यांसकट वेगळ्या डब्यात (कंटेनरमध्ये) चालवणारं साधन, वापरत असाल तर मूळ मशीनवरची (होस्टवरची) लायब्ररी बदलून कंटेनरच्या आत काहीच होत नाही. इमेज नव्याने बांधा, कंटेनर नव्याने उभा करा.

कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, गणित त्याहून सोपं आणि त्याहून जास्त टाळलं जाणारं. कर्नल रीस्टार्ट करण्याच्या क्रियेलाच रीबूट म्हणतात. यूनेम -आर ही कमांड चालू कर्नल सांगते, बूट डिरेक्टरीत टाकलेले कर्नल दिसतात. दोन्हींत फरक असेल तर उंबरठ्यावर येऊन थांबलेला पाहुणा तुम्ही आत घेतलेला नाही. डेबियन-उबुंटूवर ‘रीबूट-रिक्वायर्ड’ नावाची फाइल तयार होते आणि लॉगइन केल्या केल्या उबुंटू ओरडून सांगतो की रीबूट हवाय. तो संदेश इतके दिवस डोळ्यांसमोर असतो की शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा दिसेनासा होतो. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये डर्टी काऊ उघड झालं. साध्या युजरला रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, होऊ देणारी ती चूक कर्नलमध्ये २००७ पासून होती. शेअर्ड होस्टिंगवर, जिथे एका मशीनवर शेकडो अनोळखी लोकांची खाती नांदतात, तिथे असली चूक म्हणजे एका खात्याची किल्ली सगळ्या घरांना लागणं.

‘पण आमच्याकडे लाइव्हपॅच आहे.’ असू द्या, चांगली गोष्ट आहे. चालत्या कर्नलमधली गंभीर भोकं तो रीबूटशिवाय बुजवतो. पण सगळी नाही, आणि जीलिबसीसारख्या (जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम वापरतो ती सी लायब्ररी) लायब्रऱ्यांशी त्याचा संबंधच नाही. रीबूट सोयीच्या रात्रीपर्यंत पुढे ढकलण्यासाठी तो आहे, कायमचा टाळण्यासाठी नाही.

आता माझा सगळ्यात आवडता राग: अपटाइमचे, म्हणजे मशीन सलग किती दिवस चालू आहे त्याचे, स्क्रीनशॉट. ‘८०० दिवस, एकदाही रीबूट नाही’ आणि खाली टाळ्या. लाइव्हपॅच नसेल तर याचा अर्थ ८०० दिवसांत कर्नलला एकही फिक्स लागलेला नाही, आणि हे तुम्ही जाहीर सांगताय. अपटाइम साइटचा मोजावा, मशीनचा नव्हे.

आणि डाउनटाइमचा बाऊ किती? ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षाला जवळपास पावणेनऊ तास साइट बंद राहायची मुभा. ९९.९९ टक्क्यांत साधारण ५२ मिनिटं. दरमहा एक रीबूट, चार मिनिटांचा धरा, वर्षाची ४८ मिनिटं. म्हणजे तो कडक आकडाही पाळता येतो, काठावर का होईना. दोन सर्व्हर लोड बॅलन्सरमागे (रिक्वेस्ट वाटून देणाऱ्या यंत्रणेमागे) असतील तर आलटून पालटून रीबूट करा, बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही.

लोक खरे घाबरतात ते चार मिनिटांना नाही, मशीन परत उठेल की नाही याला. ती भीती खोटी नाही. एका ग्राहकाचा दीडेक वर्ष न हललेला सर्व्हर मी रीबूट केला होता. एन्जिनएक्स आला, साइटवर मात्र डेटाबेस कनेक्शनची एरर. कुणीतरी कधीकाळी मारियाडीबी हा डेटाबेस हाताने सुरू केला होता आणि बूट होताना सर्व्हिसेस सुरू करणाऱ्या सिस्टिमडीमध्ये इनेबल करायचा राहून गेला होता. चूक दीड वर्षापूर्वीची, शिव्या मला. पण तो सर्व्हर वीज गेल्यावर, रात्री तीन वाजता, मी झोपेत असतानाही पडला असता आणि असाच अर्धवट उठला असता. दर महिन्याला रीबूट होणाऱ्या मशीनवर असली चूक महिनाभरात सापडते, आणि ज्याने केली त्याला ती आठवतही असते.

माझी पद्धत सांगतो. सिक्युरिटी अपडेट्स आपोआप. ते टाकणाऱ्या अनअटेंडेड-अपग्रेड्स या पॅकेजमध्ये ऑटोमॅटिक रीबूट मुळात बंद असतो, तो चालू करून वेळ ठरवून देतो. नीडरीस्टार्ट बसवतो, म्हणजे कोणत्या सर्व्हिसेस जुन्या लायब्ररीवर अडकल्या आहेत ते तोच सांगतो. पीएचपी किंवा डेटाबेसचं मोठं व्हर्जन बदलणं यात कधीच मिसळत नाही. त्याची रात्र वेगळी, बॅकअप वेगळा.

आणि ग्राहकांना आधी कळवतो. ‘सर्व्हर अपग्रेडमुळे सेवा विस्कळीत राहू शकते’ असलं गोलमाल वाक्य नको. ते वाचून लोकांना वाटतं काहीतरी बिघडलंय. मी लिहितो: ‘सिक्युरिटी अपडेट्स लागू करण्यासाठी रविवारी पहाटे ४ वाजता सर्व्हर रीबूट होईल. साइट ५ मिनिटांपर्यंत बंद राहील. सव्वाचारनंतरही बंद दिसली तर मला फोन करा.’