विज्ञानकथेतील इशारे : तंत्रज्ञान, सत्ता आणि मानवी स्वातंत्र्य

तंत्रज्ञानाची एखादी शक्यता टोकापर्यंत ताणून, ती सत्तेच्या हाती पडल्यास माणसाच्या स्वातंत्र्याचे काय होईल, हे तपासणारा विज्ञानकथेतील एक प्रवाह. त्यात रंगवलेल्या भयावह समाजाला ‘डिस्टोपिया’ म्हणतात. हे साहित्य भाकिते करते असा समज रूढ असला, तरी लेखकाच्या डोळ्यांसमोर बहुधा त्याचा स्वतःचाच काळ असतो आणि भविष्यकाळ हे निमित्त ठरते.

या प्रवाहाचा उगम मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) या कादंबरीत मानण्याचा प्रघात आहे. तिच्यातील प्रश्न मात्र निर्मात्याच्या जबाबदारीचा आहे; राज्यसत्ता तिथे फारशी येतच नाही. कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ (१९२०) या नाटकात कारखान्यात घडवलेले कृत्रिम कामगार जगभर विकले जातात आणि अखेर माणसांवरच उलटतात. निर्मिती निर्मात्यावर उलटण्याच्या या ठरावीक कथानकाला कंटाळलेल्या आयझॅक आसिमॉव्ह यांनी १९४२ मध्ये यंत्रमानवांसाठी तीन नियम मांडले. त्यांच्या कथांतील पेच बहुतेकदा या नियमांच्याच अन्वयार्थातून उभे राहतात.

सत्ता खऱ्या अर्थाने केंद्रस्थानी आली ती येवगेनी झाम्यातिन यांच्या ‘वुई’ या कादंबरीत. झाम्यातिन पेशाने जहाजबांधणी अभियंता होते आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी इंग्लंडमध्ये रशियासाठी बांधल्या जाणाऱ्या बर्फफोड्या जहाजांवर देखरेख केली होती. त्यांच्या कल्पित राज्यात माणसांना नावांऐवजी क्रमांक आहेत, घरांच्या भिंती काचेच्या आहेत आणि पडदे ओढून घेण्याची मुभा ठरलेल्या वेळी, गुलाबी चिठ्ठी असेल तरच मिळते. बंडाची चाहूल लागताच नागरिकांची कल्पनाशक्ती शस्त्रक्रियेने नष्ट केली जाते. ही कादंबरी १९२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये इंग्रजी भाषांतरातून प्रसिद्ध झाली. सोव्हिएत संघात ती छापली जाण्यास १९८८ साल उजाडले. जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) मधील टेलिस्क्रीन हा पडदा एकाच वेळी दाखवतो आणि पाहतोही. त्याचा आवाज कमी करता येतो, पण सामान्य माणसाला तो पूर्ण बंद करता येत नाही. आपल्यावर नेमकी केव्हा नजर आहे हे कोणालाच ठाऊक नसल्याने प्रत्येक जण सदैव पाहिले जात असल्यासारखा वागतो. पहारेकऱ्याचे निम्मे काम भीतीच करून टाकते.

याहून अस्वस्थ करणारी दुसरी धारा आहे, जिच्यात बळजबरीची फारशी गरजच उरत नाही. ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘द मशीन स्टॉप्स’ (१९०९) या कथेत जमिनीखालच्या षटकोनी खोल्यांत एकेकटी राहणारी माणसे बटण दाबून अन्न, संगीत आणि संभाषण मिळवतात. इथे हुकूमशहा कोणीही नाही. यंत्राची दुरुस्ती कशी करावी हे जाणणाराही कोणी उरलेला नाही, आणि म्हणूनच यंत्र बंद पडते तेव्हा समाजही संपतो. ऑल्डस हक्स्ली यांच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (१९३२) मध्ये माणसे बाटल्यांत वाढवून पाच वर्गांत विभागली जातात, झोपेत त्यांच्या कानांवर बोधवाक्ये घातली जातात आणि असमाधान वाटलेच तर ‘सोमा’ नावाची गोळी असते. ऑक्टोबर १९४९ मध्ये ऑर्वेल यांना लिहिलेल्या पत्रात हक्स्ली यांनी म्हटले की, लाठ्या आणि तुरुंग यांपेक्षा बालपणापासूनचे संस्कारण आणि संमोहन ही साधने राज्यकर्त्यांना अधिक कार्यक्षम वाटू लागतील. रे ब्रॅडबरी यांच्या ‘फॅरनहाइट ४५१’ (१९५३) मध्ये पुस्तके जाळणारा अधिकारीच सांगतो की, याची सुरुवात सरकारने केली नव्हती. लोकांनीच आधी वाचणे सोडले होते. नायकाच्या घरी तीन भिंतींवर दूरचित्रवाणीचे पडदे आहेत आणि त्याच्या बायकोला चौथ्या भिंतीवरही पडदा हवा आहे.

या साहित्यातील प्रतिमा सार्वजनिक वादांची परिभाषा बनल्या आहेत. अमेरिकी सरकारच्या दूरध्वनी-नोंदी गोळा करण्याच्या कार्यक्रमाला डिसेंबर २०१३ मध्ये तेथील एका संघीय न्यायाधीशांनी निकालपत्रात ‘जवळजवळ ऑर्वेली’ म्हटले. हे विशेषण मात्र सैल हातानेच वापरले जाते : ज्या पाळतीसाठी लोक आपली माहिती आपणहून पुरवतात, तिला ऑर्वेलपेक्षा हक्स्ली आणि फॉर्स्टर यांची चित्रे अधिक लागू पडतात.